दोष आईचा नाही



दुसरबीडच्या बचत गटाच्या बैठकीला एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन येते. आमचे हिशेब चालू असतात, तो कोपऱ्यात चिंचोके ओळीनं मांडत बसतो. कुणी एक चिंचोका हलवला की कानांवर हात ठेवून ओरडतो. हाक मारली तर वळून बघत नाही. बोलणं जवळजवळ नाहीच. मध्यंतरी त्याच्या आईनं मला विचारलं, “ताई, माझं काय चुकलं?”

याची उत्तरं घरच्यांनी तिला आधीच देऊन ठेवली होती. सासू म्हणते, ग्रहणात विळीला हात लावलास. जाऊ म्हणते, पोराला टाकून मजुरीला जातेस. नवरा म्हणतो, तुझ्या माहेरचंच खूळ आहे. अंगारे झाले, नवस झाले. आणि मी? एम.एस.डब्ल्यू. करून गावोगाव हिंडणारी कार्यकर्ती. माझाही पहिला प्रश्न होता, “मोबाईल फार देता का त्याला?” तिचा चेहरा पडला, तेव्हा कळलं, मीही सासूच्याच बाजूला जाऊन बसले होते.

पुढे तपासणी झाली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. हा शब्दही मला पुरता पटत नाही. मूल स्वतःतच रमलंय, त्याला आपली फिकीर नाही, असं त्यातून वाटतं. खरं तर यातल्या कित्येक मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. लग्नातला डीजे आपल्याला नुसता मोठा वाटतो, त्याला तो सोसवत नाही.

आईला दोष देणं ही काही आपल्या खेड्यांचीच रीत नाही. सोव्हिएत रशियातल्या ग्रुन्या सुखारेव्हा या बाईनं, डॉक्टर म्हणून, १९२५ सालीच अशा मुलांचं बारकाईनं वर्णन केलं होतं. जगाला नाव माहीत झालं ते अमेरिकेतल्या लिओ कॅनर यांचं. त्यांनी १९४३ साली अकरा मुलांबद्दल लिहिलं आणि आईबापांच्या थंडपणाकडेही बोट दाखवलं. मग ‘फ्रिजसारख्या थंड आया’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, हे आईच्या वागण्यानं होत नाही, याचं मूळ शरीरात आहे, हे मांडलं होतं. तरी आयांवरचा डाग पुसायला आणखी बरीच वर्षं गेली. इकडे विळी, तिकडे थंडपणा. आरोपी एकच.

आज आपल्याला पक्कं माहीत आहे, की मेंदूची घडणच वेगळी असते आणि ती बहुतांशी जन्माआधीच ठरते. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा आहे. ग्रहणानं, लस टोचल्यानं, आई कामावर गेल्यानं हे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न आहे. त्यात मुलीही आहेत. पण मुलगी गप्प राहिली, मान वर करून बोलली नाही, तर आपण तिला ‘गुणी’ म्हणतो. म्हणून कित्येक मुली ओळखूच येत नाहीत.

ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर यांनी १९९८ साली आपल्या प्रबंधात मेंदूच्या वैविध्याची कल्पना मांडली. आई, आपण आणि लेक अशा तीन पिढ्यांत त्यांनी हे वेगळेपण पाहिलं होतं. सगळे मेंदू एका साच्याचे नसतात, हे त्यांचं म्हणणं. आपल्या शेतकरी बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. सोयाबीन दसऱ्याच्या सुमाराला निघतं, तूर पुढं कितीतरी दिवस उभी असते. सोयाबीनबरोबर आली नाही म्हणून तूर कुणी उपटत नाही. मात्र वैविध्य मानणं म्हणजे मुलाला देवावर सोडणं नव्हे. त्याला चित्रांच्या पाट्या, ठरलेला दिनक्रम, शांत जागा आणि शिकवण्याची समज असलेला शिक्षक हवा.

कायदा उशिरा जागा झाला. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत स्वमग्नता धरली गेली. दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा हक्क आहे. पण या मुलाच्या आईला एका शाळेनं सांगितलं, “तुम्ही दिवसभर सोबत बसणार असाल तर पाठवा.” म्हणजे हक्क मुलाचा आणि बुडणारी मजुरी आईची. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानं अपंग मुलाच्या नोकरदार आईला बालसंगोपन रजा नाकारण्याबद्दल सरकारला फटकारलं. चांगलं झालं. पण कपाशी वेचणाऱ्या बाईनं रजा कुणाकडे मागायची?

आमचा सिंदखेडराजा तालुका जिजाऊंच्या जन्मगावाचा. दर बारा जानेवारीला भाषणांत ऐकतो, मूल घडवते ती आई. त्या वाक्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की मूल वेगळं निघालं की ‘आईनं बिघडवलं’ म्हणायला लोक मोकळे होतात. शिवबाला घडवायला जिजाऊंच्या पाठीशी माणसं होती. आमच्या बाईच्या पाठीशी कोण आहे?

म्हणून गटानं काही गोष्टी ठरवल्या. तपासणीला आणि शाळेत बापानं जायचं, निदान आळीपाळीनं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी पथक येतं, तेव्हा न बोलणारं, हाकेला वळून न बघणारं प्रत्येक मूल, मुलगी असली तरी, पुढे करायचं. विशेष शिक्षकासाठी ग्रामसभेत ठराव मांडायचा. आणि आठवड्यातून दोन दुपारी गटातल्या दोघींनी त्या मुलाजवळ बसायचं, म्हणजे आईला कामाला जाता येईल. पहिल्या दुपारी माझी पाळी होती. तासभर मी नुसती बसून होते. मग एक चिंचोका त्याच्या ओळीच्या शेवटी ठेवला. तो त्यानं राहू दिला.

तुमच्या गावात अशी आई असेल, तर तिला प्रश्न विचारण्याआधी एवढं सांगा, “बाई, तुझं काही चुकलं नाही.” आणि पुढे काय केलंत, ते आम्हाला जरूर कळवा.