सेवा कोणाची? : परदेशातला मुक्काम आणि आपले प्रवासलेखन

परगावी गेलेल्या माणसाला मराठीत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुठे उतरलात?’ हा. त्याच्याही आधी, एका पिढीपूर्वीपर्यंत, हा प्रश्न ‘कुणाकडे उतरलात?’ असा होता. ‘कुणाकडे’चे ‘कुठे’ केव्हा झाले याची नोंद कोणत्याही भाषाभ्यासकाने केलेली माझ्या वाचनात नाही. परंतु या एका सर्वनामाच्या लोपात आपल्या प्रवासाचा, आणि म्हणून आपल्या प्रवासलेखनाचाही, बराचसा इतिहास दडलेला आहे, असे माझे मत आहे. त्या मताच्या समर्थनार्थ हा लेख.

निमित्त साधेच घडले. वर्ध्यातील एक विद्यार्थिनी संशोधनासाठी तीन आठवडे लंडनला, ब्रिटिश लायब्ररीत काम करायला निघाली होती. तिने अध्यापकांच्या खोलीत येऊन विचारले, ‘सर, सर्व्हिस अपार्टमेंट घ्यावे की एखाद्या घरात खोली? आणि घ्यायचे तर कोणत्या भागात?’ आमच्यातल्या एका ज्येष्ठ समीक्षकांनी हसून उत्तर दिले, ‘हे ट्रॅव्हल एजंटाला विचार. इथे आपण साहित्याविषयी बोलतो.’ उपस्थितांनी मान डोलावली. मी त्या वेळी गप्प राहिलो, याची आज खंत वाटते. कारण तिचा प्रश्न पूर्णतः साहित्याचा होता, आणि तो साहित्याचा नाही असे मानल्यामुळेच आपले प्रवासवर्णन आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेला पोचले आहे.

या प्रश्नाकडे पाठ फिरवणारे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष उच्चभ्रू समीक्षेचा. प्रवासवर्णनात निसर्ग, संस्कृती आणि आत्मशोध असावा. गादी मऊ होती की कठीण, नाश्त्याला काय मिळाले, हा मध्यमवर्गीय क्षुद्रपणा आहे, असे तो मानतो. दुसरा पक्ष माहितीपत्रकांचा. त्याला गादीखेरीज काहीच दिसत नाही. ‘घरासारखा आराम’ हे त्याचे पालुपद. वरवर पाहता हे दोन पक्ष परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे एका गोष्टीवर एकमत आहे : मुक्कामाची जागा म्हणजे निव्वळ सोय, तिला अर्थ नसतो. एक ती सोय तुच्छ मानतो, दुसरा विकतो, इतकाच भेद. माझे म्हणणे असे की प्रवासी परक्या शहराविषयी जे पहिले विधान करतो ते तो कुठे उतरतो यातून करतो. पुढची सारी वाक्ये त्या खिडकीतून दिसलेल्या दृश्याची असतात.

आपल्याच परंपरेचे दाखले घेऊ. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या त्या न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघाकडे. दोघींच्या बाबतीत ‘कुणाकडे’ हाच प्रश्न खरा होता आणि त्याच्या उत्तराने दोघींचे आयुष्य वळले. ज्या घरी आपण उतरतो त्या घराचे ऋण, त्याचा धर्म, त्याच्या अपेक्षा आपल्याला चुकवता येत नाहीत. यजमान असणे ही केवळ आनंदाची गोष्ट नव्हती, ती एक गुंतवणूक होती आणि कधीकधी संघर्षही होता.

१८८८ साली लंडनला गेलेल्या एका अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याची हकिकत तर या विषयाचे पाठ्यपुस्तकच ठरावी. मोहनदास गांधी प्रथम व्हिक्टोरिया हॉटेलात उतरले आणि तीन पौंडांचे बिल पाहून हादरले. मग एका कुटुंबात राहिले. पुढे स्वतंत्र दोन खोल्या घेतल्या. त्या घेताना कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता यावे हा निकष ठेवला. त्यानंतर दोनाची एक खोली केली, एक शेगडी विकत घेतली, सकाळी ओटची लापशी आणि कोकोसाठी पाणी स्वतः उकळू लागले. या कामाला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नसे, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. ‘सत्याचे प्रयोग’ हे ज्यांना केवळ नीतिपर पुस्तक वाटते त्यांनी ही प्रकरणे पुन्हा वाचावीत. भाडे, अंतर, शेगडी, मिनिटे यांचा हिशेब तिथे आत्मशोधाच्या आड येत नाही. आत्मशोध त्या हिशेबातूनच होतो.

आणि हा हिशेब त्यांनी पुढेही सोडला नाही. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हा ते पूर्व लंडनमधील बो या कामगार वस्तीतल्या किंग्जली हॉलमध्ये म्युरिएल लेस्टर यांच्याकडे, गच्चीवरच्या एका लहानशा खोलीत राहिले. परिषद भरत होती सेंट जेम्स राजवाड्यात, पाच-सहा मैलांवर. कामाच्या दृष्टीने ही जागा गैरसोयीची होती. म्हणून नाइट्सब्रिजमध्ये कचेरीसाठी वेगळे घर घ्यावे लागले. तरी रात्रीचा मुक्काम बोमध्येच राहिला. पहाटे ते त्या गल्ल्यांतून फिरायला निघत. कोणत्या लंडनशी आपला संबंध आहे हे सांगायला त्यांना वेगळे भाषण करावे लागले नाही. पत्ता पुरेसा होता.

परंतु गांधींचे उदाहरण देऊन थांबणे हा वर्ध्यात राहणाऱ्या लेखकाचा आळस ठरेल. जागा ‘निवडण्यासाठी’ आधी ती आपल्याला मिळाली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये राहून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो हाच : उतरायचे कुठे? हिंदू खाणावळीचे दार बंद होते. ते पारशी नाव धारण करून एका पारशी विश्रामगृहात राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात सांगितला आहे; ते पुस्तिकारूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातला व्हिसा परदेशाचा नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ‘परदेशी मुक्काम’ या शब्दांचा अर्थच उलटा होतो. न्यू यॉर्क आणि लंडन येथे ज्यांना खोली मिळाली, त्यांना बडोद्यात मिळाली नाही. मुक्कामाची चर्चा क्षुद्र म्हणणारे समीक्षक हा मजकूर कोणत्या कप्प्यात ठेवणार आहेत?

आता सेवाग्रामकडे येतो. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर असलेली बापूकुटी आपण शालेय सहलीत पाहतो, नमस्कार करतो आणि विसरतो. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले आणि त्या कुटीत बसून जे सुचले ते त्यांनी परिषदेतील भाषणात मांडले. दिल्लीत आपण जिथे राहिलो ती सोयींनी भरलेली इमारत माणसांसाठी नसून सामानासाठी बांधलेली पेटी आहे, अशा आशयाची तुलना त्यांनी केली. घर आणि निवासस्थान यांतला भेद एका परदेशी पाहुण्याने वर्ध्यात येऊन सांगावा आणि तो आम्ही अभ्यासक्रमात कुठेही वापरू नये, ही आमची समीक्षा!

येथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. गांधींना गरिबीत ठेवण्यासाठी फार खर्च येतो, असा सरोजिनी नायडूंचा विनोद प्रसिद्ध आहे. बापूकुटीलगत दूरध्वनीची खोली आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो दूरध्वनी बसवून घेतला होता. कुटीला जोडून स्नानगृह आहे. म्हणजे सोय वर्ज्य नव्हती. मग फरक कोणता? फरक ‘सेवा’ या शब्दात आहे. सेवाग्रामातली सेवा म्हणजे आपण करायचे काम. आश्रमात संडास सफाईसुद्धा आश्रमवासीयांनी स्वतः करायची असे. सर्व्हिस अपार्टमेंटमधली सेवा म्हणजे आपण बाहेर गेलो असताना, आपल्याला न दिसणाऱ्या कुणीतरी आपली चादर बदलून जाणे. एकाच शब्दाची ही दोन टोके आहेत. त्यांच्यामधले अंतर मोजणे हे काम ट्रॅव्हल एजंटाचे नाही. ते आपले आहे.

माझा पक्ष सर्व्हिस अपार्टमेंट घेऊच नये असा नाही. तसे म्हणणे ढोंग होईल. तीन आठवडे किंवा महिनाभर राहायचे तर हॉटेलपेक्षा ते स्वस्त पडू शकते. स्वयंपाकघर असते, कपडे धुण्याचे यंत्र असते. मधुमेही वडिलांना वेळेवर भाकरी मिळते. एकट्या स्त्रीला स्वतःच्या किल्लीचे दार मिळते, आणि ज्याला यजमानाच्या चौकशांचा किंवा जातिवंत नजरेचा जाच झाला आहे त्याला विकत घेतलेले अनामिकपण ही मुक्तीच वाटते. ‘कुणाकडे’चे ‘कुठे’ झाले यात केवळ ऱ्हास पाहणारा माणूस बडोद्याचा प्रसंग विसरलेला असतो. पैसे मोजले की नाव न विचारता दार उघडते, ही साधी गोष्ट नव्हे.

माझा विरोध आहे तो ‘घरासारखे’ या विशेषणाला. कुणाच्या घरासारखे? जाहिरातीतल्या त्या खोल्या लंडन, दुबई, सिंगापूर सगळीकडे सारख्याच दिसतात; वर्ध्यातल्या कुणाही माणसाचे घर तसे नसते. त्यातल्या उघड्या स्वयंपाकघरात मोहरीची फोडणी दिली की धूरसूचक घंटा वाजू लागते, आणि हे घर आपल्याला ओळखत नाही हे कळते. शिवाय जिथे आपण ‘घरासारखे’ राहतो ते अनेकदा खरोखरच दुसऱ्या कुणाचे घर असू शकले असते. म्हणून तर लंडनमध्ये संपूर्ण घर वर्षाला ९० रात्रींपेक्षा अधिक काळ अल्पमुदतीने भाड्याने द्यायचे तर परवानगी लागते. न्यू यॉर्कने २०२३ साली अशा भाड्यांवर कडक नोंदणी लादली. बार्सिलोनाच्या नगरपालिकेने २०२४ साली जाहीर केले की शहरातील १०,१०१ पर्यटक सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू राहणार नाहीत. ही नियमांची यादी कोरडी वाटेल. पण तिथल्या रहिवाशांच्या रागाची ती लिखित रूपे आहेत. आणि हा राग मराठी माणसाला अगदीच परका नाही. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. त्याचे संग्रहालय करायला तिथल्या स्थानिक प्रशासनाने नकार दिला, तेव्हा राहण्याचे एक घर कमी होते हे त्यामागचे एक कारण होते. अखेर २०२० साली परवानगी मिळाली. संग्रहालय व्हावे हेच माझे मत. पण शहराच्या दृष्टीने एक घर म्हणजे काय, हे त्या वादाने आपल्याला शिकवायला हवे होते.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी जे सांगायला हवे होते ते आज सांगतो. ग्रंथालयापासून पायी किती वेळ लागतो ते पाहा. खिशाला न परवडल्यास बसच्या एका मार्गावर राहा, पण जमिनीखालून रोज प्रवास करू नकोस, शहर दिसणार नाही. भाड्यात सफाई आठवड्यातून किती वेळा धरली आहे, अनामत किती, रद्द केल्यास काय परत मिळते, हे लेखी घे. ती जागा नियमाने चालते का, हे विचार. इमारतीत कायमचे राहणारे लोक आहेत का, की सगळेच पाहुणे, हेही विचार. जवळ भाजीचे दुकान आहे का ते पाहा. सफाईला येणारी बाई दिसली तर तिचे नाव विचार आणि ती कुठून आली तेही. बहुधा तीही त्या शहरात कुठेतरी ‘उतरलेली’च असेल. आणि परत आल्यावर लिहिशील तेव्हा संग्रहालयांच्या आधी हे लिही.

मराठीत प्रवासवर्णने उदंड झाली. ‘अपूर्वाई’ला १९६० पासून साठांहून अधिक वर्षे लोटली आणि परदेशगमनातली अपूर्वाई तेव्हाच्या अर्थाने उरलेली नाही, आज वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांतूनही आईवडील मुलांकडे महिनोन्महिने राहून येतात. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे : दिवसभर कुलूपबंद घरातले एकटेपण, कचरा कोणत्या वारी कोणत्या डब्यात टाकायचा याची धास्ती, खालच्या मजल्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्याशी भाषेविना झालेली मैत्री. हे लिहिले जात नाही, कारण ‘हे काय साहित्य आहे?’ असे त्यांना आपणच, साहित्य शिकवणाऱ्यांनी, पटवून दिले आहे.

ते आपण थांबवावे, एवढीच मागणी. परदेशाहून परतलेल्या माणसाला काय काय पाहिले ते नंतर विचारू. आधी विचारू, कुठे उतरला होतात, आणि तिथली झाडलोट कोण करत होते?