पहाटेची गाडी आणि तुटलेला ऊस



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाचट, ठिबक यांवर लिहावे, इंजिनावर कशाला लिहावे, असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. आम्ही कृषी पदविकाधारक, मोटार मिस्त्री नव्हे. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला आमच्याकडे येणाऱ्या फोनांत हुमणीचा किंवा लागणीचा फोन क्वचित असतो. "साहेब, काल दुपारपासून ऊस भरून उभाय, गाडीच चालू होईना," हा मात्र रोजचा. गाडीवाल्याला विचारावे तर उत्तर ठरलेले : "थंडी लई पडलीय, डिझेल गोठलंय." ह्या उत्तरावर आमचा विश्वास उरलेला नाही.

थंडी पडते हे आम्हीही नाकारत नाही. बालाघाटाच्या पठारावर आणि सिंदफणेकाठच्या पाणभरत्या शिवारात पौषातल्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. पण डिझेल गोठायला ती थंडी पुरत नाही. आय.एस. १४६० ह्या आपल्या देशाच्या मानकात हिवाळी डिझेल ३ अंशांपर्यंत वाहते राहिले पाहिजे, अशी अट आहे. डिझेल खरोखर गोठते ते लडाखात. तेथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे वेगळे डिझेल काढले. माजलगाव-गेवराईच्या गाडीवाल्याने लडाखचे गाऱ्हाणे सांगू नये.

मग गाडी का अडते ? पेट्रोलच्या गाडीत ठिणगीचा प्लग असतो, तसा डिझेलच्या गाडीत नसतो. सिलिंडरातली हवा सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा तेवढी तापायची तर इंजिन जोराने फिरले पाहिजे. थंडीत नेमकी तेथेच पंचाईत होते. बॅटरीचा जोर कमी होतो, ऑईल काकवीसारखे घट्ट होते, आणि गार लोखंड हवेतली ऊब पिऊन टाकते. सेल रडत-रडत फिरतो आणि डिझेल न पेटता धूर होऊन बाहेर पडते. पण बॅटरी चांगली, ऑईल योग्य आणि नोझल नीट असेल, तर आपल्याकडची थंडी गाडीला अडवू शकत नाही. थंडी दोष निर्माण करीत नाही, असलेला दोष उघडा पाडते. दुपारच्या उन्हात अर्धमेली बॅटरीही गाडी चालू करून देते, म्हणून मालक निर्धास्त राहतो.

मागच्या हंगामातली गोष्ट. जानेवारीतल्या एका पहाटे पाचच्या सुमारास आम्ही एका फडावर गेलो होतो. रात्री भरलेली ट्रक बांधाजवळ जरा उताराला उभी. ड्रायव्हरने सेल मारून मारून बॅटरी पार उतरवलेली. मग घमेल्यात पाचट पेटवून ते इंजिनाच्या चेंबरखाली सरकवले. वर ऊस, खाली जाळ, बाजूला डिझेलची टाकी. आम्ही ओरडून ते बाहेर काढायला लावले. तेवढ्यात मुकादमाने टोळीला हाक दिली, "चला, धक्का मारा." तीन वाजल्यापासून दवात भिजलेली माणसे, त्यांत दोन बाया, मागून लागली. गाडी हातभर पुढे सरली, गचका बसला आणि मागे आली. एका बाईचा पाय दवाच्या चिखलात घसरला. चाक तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबले. ती उठली, पदर झटकला आणि पुन्हा धक्का मारायला उभी राहिली. आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतर मिस्त्रीने येऊन बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुतला, वायर घट्ट आवळली, दुसऱ्या बॅटऱ्यांचा आधार दिला आणि गाडी दुसऱ्या सेलला लागली. एवढेच होते.

सभासदांनी मिस्त्री व्हावे असे आम्ही म्हणत नाही, पण आपल्या फडात उभ्या गाडीचे दुखणे ओळखता आले म्हणजे गाडीवाला वाटेल ते सांगणार नाही. हेडलाईट लावून सेल मारायला सांगा. दिवा मंदावला तर दोष बॅटरीचा किंवा टर्मिनलचा. दिवा लख्ख राहून नुसते टक्‌ झाले तर सेलमोटरचा. सेल चांगला फिरतो पण सायलेन्सरातून धूरच नाही, म्हणजे डिझेल वर पोचत नाही. फिल्टर तुंबला, खाली पाणी साचले किंवा पाईपाने एअर घेतली. पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल जाते पण पेटत नाही. नोझल, कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग पाहावे लागेल. आणि जुन्या गाडीला हँडपंपाचे चार दट्टे मारताच ती चालू होत असेल, तर तो थंडीचा दोष नव्हेच. रात्रभरात कुठल्या तरी ढिल्या वायसरातून हवा शिरून डिझेल टाकीत परत उतरते, एवढाच त्याचा अर्थ. ते वायसर फार तर काही रुपयांचे असते.

टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी, हेही सांगून ठेवतो. अर्धी टाकी रात्रभर गार राहिली की आतल्या हवेचे दव धरते आणि ते पाणी डिझेलखाली बसते. सेल मारताना क्लच दाबावा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑईल फिरवायचे ओझे वाचते. दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावे. काहीजण इंजिनात ईथरचा फवारा मारतात. हीटर असलेल्या गाडीत तो भडका आहे. आणखी एक. ट्रकला बहुधा दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट लागतात, ट्रॅक्टरला १२. ट्रॅक्टरची बॅटरी ट्रकला लावण्याचा खटाटोप आम्ही पाहिला आहे. त्यात वायरी जळतात आणि गाडी तशीच राहते. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत तर जुन्या मिस्त्रीची युक्ती लावून प्रेशरचा पाईप ढिला करूच नये. तेथला दाब हजार बारच्याही वर जातो, त्या फवाऱ्याने कातडी फाटते.

गाडीवाल्यांचे म्हणणेही आम्ही ऐकले आहे. उचल घेऊन पळालेली टोळी, डिझेलचे भाव, काट्यावर लागणारा नंबर, ह्यातून बॅटरीला पैसा कुठला काढायचा, असे ते म्हणतात. अडचण खोटी नाही. पण तेच गाडीवाले सकाळची कटकट नको म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवतात. मोठी ट्रक नुसती उभी राहून तासाला दोन-तीन लिटर डिझेल पिते. आठ रात्रींचा हिशोब करून पाहावा. बॅटरीच्या किमतीचा बराच भाग त्यात निघून जातो.

आणि आपला, म्हणजे सभासदाचा हिशोब काय ? तुटल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. वाळलेल्या मोळीचे वजन काट्यावर घटते, ते थेट सभासदाच्या खिशातून जाते. साखर फुटते ती उताऱ्यात दिसते. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली, दर उताऱ्याला बांधलेला असल्याने एका गाडीची शिळी मोळी सगळ्यांच्या दराला थोडीथोडी लागते.

म्हणून आमचे मत असे की, वाहतुकीचा करार करताना कारखान्याने गाडीचे कागद आणि विमा पाहतो तशी बॅटरी, सेल आणि फिल्टरही पाहावेत. प्रत्येक गट कार्यालयात भरलेल्या बॅटऱ्यांची एक जोडी आणि जाड केबल ठेवावी. खर्च फार नाही. आणि टोळीकडून भरल्या गाडीला धक्का मारून घेणे करारानेच बंद करावे. ही माणसे पाटोदा, शिरूर, वडवणीहून आलेली, आपल्याच जिल्ह्याची, कित्येकदा आपल्याच भावकीची आहेत. मोळी तोडणे, बांधणे, डोक्यावरून फळीने गाडीत चढवणे ह्याचा दर त्यांना मिळतो. धक्क्याचा मिळत नाही, आणि त्यात हातपाय मोडला तर तो कुणाच्या खात्यावर टाकायचा याचे उत्तर मुकादमाकडे नसते, गाडीमालकाकडे नसते आणि आमच्याकडेही नव्हते.

पुढच्या गटसभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. गाडीमालकांनीही अवश्य यावे, आणि येताना बॅटरीचे बिल बरोबर आणावे. किती वर्षांची झाली ते बहुतेकांना आठवत नाही.