फासे आहेत, पण पैज नाही: चॅटवरची मोहीम आणि नवा गेमिंग कायदा

मार्केट यार्डाच्या जवळ राहणाऱ्याने रात्री ऑनलाइन व्हॉइस गेम खेळायचा नाद सोडलेला बरा. अकरा वाजले की भाजीपाल्याच्या गाड्या आत यायला लागतात, रिव्हर्सचं टूंटूं सुरू होतं, कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला ओरडून सांगत असतो. दसऱ्याच्या आधीच्या दोन रात्री तर फुलांच्या टेम्पोंमुळे खिडकी उघडता येत नव्हती. माइक चालू केला की टीममधल्या सगळ्यांना माझ्या आवाजाआधी आमची गल्ली ऐकू जायची.

म्हणून मी टाइप करून खेळायच्या एका मोहिमेत शिरलो. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, जागा डिस्कॉर्डवरचा एक खासगी सर्व्हर, माणसं सात. एक जण गेममास्तर, बाकी सहा खेळाडू. एक बेळगावचा, एक मुलगी जर्मनीत शिकणारी, दोघं नाशिकचे, एक मी आणि एक सतरा वर्षांचा बारावीतला मुलगा, जो निघाला आमच्याच भागातला. त्या मुलामुळे हा लेख लिहितोय.

आधी खेळ समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ छापला तेव्हा तो टेबलाभोवती बसून खेळायचा होता. गेममास्तर प्रसंग सांगतो: पडका पूल आहे, पलीकडे मशाली दिसतायत. तुम्ही सांगता तुमचं पात्र काय करतं. जमेल की नाही याची खात्री नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवायचे. आकडा पुरेसा मोठा आला तर जमलं. नाही आला तरी गोष्ट पुढे जातेच, फक्त वेगळ्या वाटेने.

चॅटवर हेच होतं, पण सावकाश. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिहितो, ‘पुलाखालून लपत पलीकडे जातो’. संध्याकाळी गेममास्तर म्हणतो, फासा टाक. मी रोलची कमांड टाइप करतो. ती बॉटच्या सर्व्हरवर जाते, तिथला प्रोग्रॅम १ ते २० मधला एक आकडा काढतो, माझे ५ गुण मिळवतो आणि ‘९ + ५ = १४’ असं सगळ्यांसमोर छापतो. जर्मनीतली मुलगी तिच्या वेळेनुसार उत्तर देते. एक लढाई संपायला कधीकधी आठवडा लागतो. ज्याला रील्सचा वेग लागतो त्याने इकडे फिरकूच नये.

तर हा मुलगा. नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा मेसेज आला, ‘दादा, मला सोडावं लागतंय. पप्पांनी फोन बघितला.’

पप्पांनी बघितलं काय? फाशांची चिन्हं, आकडे आणि ‘तुम्ही ५० सोन्याची नाणी जिंकलात’ असं बॉटने छापलेलं वाक्य. त्याचे वडील यार्डातल्या भुसार विभागात एका आडत्याकडे दिवाणजी आहेत. ऑगस्टपासून बातम्यांत एकच विषय होता, ऑनलाइन गेमवर बंदी. शेजारच्या गाळ्यावरच्या एका पोराने ॲपवर दोन पगार घालवलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांनी जे केलं ते कुठल्याही बापाने केलं असतं.

मी संध्याकाळी गाळा बंद व्हायच्या वेळेला भेटायला गेलो. चहा आला.

‘काका, यात पैसे नाहीत.’

‘मग ही नाणी कसली?’

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि खरं सांगतो, माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ‘गोष्टीतली आहेत’ एवढंच म्हणालो. ते म्हणाले, ‘त्या पोराच्या ॲपवर पण आधी नाणीच होती.’

त्या रात्री घरी येऊन मी कायदा उघडला. मी वकील नाही, कोड लिहितो. पण कायद्यातल्या व्याख्या वाचायला कोडची सवय उपयोगी पडते: अट काय, अपवाद काय, कुठलं वाक्य खरं ठरलं की काय होतं.

कायदा फासा बघत नाही

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ला मंजूर, २२ ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत काम फत्ते. ड्रीम-११ ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं, हे तुम्हाला आठवत असेल. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑक्टोबरमध्ये नियमांचा मसुदा आला.

यात खेळांचे तीन कप्पे आहेत: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. बंदी फक्त तिसऱ्यावर. मनी गेम म्हणजे काय? फी भरून, पैसे जमा करून किंवा दुसरं काही पणाला लावून, त्या बदल्यात पैसे किंवा तसाच काही लाभ जिंकायच्या अपेक्षेने खेळलेला खेळ. आणि पुढे महत्त्वाचं: तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, काही फरक पडत नाही.

हे वाक्य किती मोठं आहे ते कळायला थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडे जुगाराचे कायदे इंग्रजांच्या काळातले, देशाचा १८६७ चा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा. स्वातंत्र्यानंतर कोर्टात वाद व्हायचा तो एकाच मुद्द्यावर: कौशल्य जास्त की नशीब? १९५७ मध्ये बक्षिसांच्या शब्दकोड्यांवरून मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला हा खटला गाजला. १९६८ मध्ये रमी, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या बाजूला गेल्या. गेमिंग कंपन्या इतकी वर्षं याच छत्रीखाली उभ्या होत्या. ‘आमचा खेळ कौशल्याचा आहे’ ही जाहिरातीतली ओळ उगाच नव्हती. नव्या कायद्याने ती छत्रीच काढून घेतली.

याची दुसरी बाजू फार कुणी सांगत नाही. कौशल्य असूनही पैसा लावला तर मनी गेम, तसंच निव्वळ नशिबाचा खेळ असून पैसा लावला नाही तर तो मनी गेम नाही. फासा आहे म्हणून काही ठरत नाही. महाभारतामुळे आपल्या डोक्यात फासे म्हटलं की शकुनी येतो. पण कायदा फाशाकडे बघत नाही, पटावर काय ठेवलंय ते बघतो.

आता काकांच्या नाण्यांकडे येऊ. पणाला लावायच्या ‘इतर गोष्टीं’ची व्याख्या बरीच रुंद आहे: क्रेडिट, कॉइन, टोकन, वस्तू, नाव काहीही असो, खरी असो वा आभासी. पण अट अशी की ती पैशाच्या बरोबरीची किंवा पैशात बदलता येणारी मानली जाते, आणि ती पैसे देऊन घेतलेली असते, थेट किंवा आडून. त्या पोराच्या ॲपवरची नाणी तशीच होती, रुपये देऊन घेतलेली. आमची पन्नास सोन्याची नाणी एका मेलेल्या राक्षसाच्या खिशातून आली. ती विकता येत नाहीत, विकत घेता येत नाहीत, आणि त्यांचं पुढे काय झालं तर एक दोरखंड आणि गाढव.

शिवाय या खेळात ‘जिंकणं’ अशी गोष्टच नाही. सहाही जण एकाच बाजूला असतात. कुणी कुणाचं घेत नाही.

आणि मग आमचीच चूक

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण कायदा वाचताना मला आमच्याच सर्व्हरवरची एक जुनी गोष्ट आठवली आणि अंगावर काटा आला.

त्याच महिन्यात एका खेळाडूने कल्पना मांडली होती: मोहिमेतून ब्रेक म्हणून एक ‘आखाडा’ खेळू. प्रत्येकाने शंभर रुपये यूपीआयने त्याला पाठवायचे, पात्रं एकमेकांशी लढवायची, शेवटी उरेल त्याला सहाशे. मतदान झालं. मी हो म्हटलं होतं. वर हसरा इमोजी टाकला होता. त्या मतदानात सतरा वर्षांच्या मुलाचंही ‘हो’ होतं.

व्याख्या समोर ठेवून बघा. फी भरली, होय. बदल्यात पैसे जिंकायची अपेक्षा, होय. इंटरनेटवर खेळला, होय. फासे तेच, बॉट तोच, नियमांचं पुस्तक तेच, पण आत शंभर आणि बाहेर सहाशे आले की कप्पा बदलला. असा खेळ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मित्रांच्या सहा जणांच्या गटामागे कुणी लागेल का? मला तसं वाटत नाही. पण ‘यात पैसे नाहीत’ असं मी त्या माणसाचा चहा पिऊन, त्याच्या तोंडावर सांगून आलो होतो. ते खोटं ठरायला फक्त एक रविवार बाकी होता.

मी ग्रुपवर लिहिलं, आखाडा रद्द. वाद झाला. ‘शंभर रुपयांत काय जातं’, ‘आपण क्रिकेटच्या मॅचवर पण लावतो की’. कल्पना मांडणारा सोडून गेला. तो चांगला खेळाडू होता, त्याचं पात्र अजून कथेत बेशुद्ध पडून आहे.

मग प्रश्न आला वर्गणीचा. आम्ही नकाशांच्या एका सेवेसाठी महिन्याला थोडे पैसे काढतो. काही ठिकाणी गेममास्तर चालवण्याची फी घेतात. ते चालतं का? माझ्या वाचनाप्रमाणे हो. सोशल गेमच्या व्याख्येतच वर्गणी किंवा एकदाची प्रवेश फी चालेल असं म्हटलंय, फक्त ती पैजेच्या स्वरूपाची नको. नाटकाचं तिकीट काढता तसं. तिकिटाचे पैसे कुणी जिंकून घरी नेत नाही. त्यामुळे कुठल्याही नव्या सर्व्हरवर जाताना मी आता एवढंच विचारतो: पैसे आत जातात का, आणि खेळाच्या निकालावरून कुणाच्या तरी खिशात परत येतात का?

दुसऱ्यांदा काकांना भेटलो तेव्हा आखाड्याचंही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, मुलाने सांगितलंच असतं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘फासा मोबाइलच टाकतो ना? मग मोबाइल खोटं बोलला तर?’

मी त्यांना रोलचा इतिहास दाखवला, प्रत्येक आकडा वेळेसकट सगळ्यांना दिसतो तो. ते हसले आणि खांद्यावरचा रुमाल हातावर टाकून दाखवला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी हत्ता पद्धत. बघणाऱ्या शेतकऱ्याला कळायचंच नाही काय ठरलं. ‘म्हणजे तुमचं उघड लिलावासारखं आहे,’ ते म्हणाले. एवढं नेमकं मला स्वतःला सुचलं नसतं. वीस पडायची शक्यता ५ टक्के, दोन फासे टाकून मोठा धरायची सवलत असेल तर ९.७५ टक्के, हे गणित मात्र त्यांनी माझ्याआधी बोटांवर केलं.

एक काळजी मी स्वतःहून काढली, वयाची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतला तो मूल, आणि त्याचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण हा भाग लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर आपली अक्कल वापरायची. कुणी गेममास्तर किंवा सर्व्हरचा ॲडमिन ‘वय दाखव’ म्हणून आधारचा फोटो मागत असेल तर देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द डिस्कॉर्डनेच कळवलं की त्यांच्या बाहेरच्या एका ग्राहकसेवा कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असावेत. कंपनीची ही गत, तर अनोळखी ॲडमिनच्या गॅलरीत तुमचं आधार कसं राहील?

खेळायला मात्र खर्च शून्य. जानेवारी २०२३ मध्ये परवान्याच्या अटी बदलायच्या प्रयत्नावरून खेळाडू भडकले आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला विझर्ड्स ऑफ द कोस्टने मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. श्रेय दिलं की मराठीतही आणता येतो, परवानगी लागत नाही. आमच्या गटात शब्दांची यादी चालू आहे. ‘इनिशिएटिव्ह’ला अजून कुणालाच बरा शब्द सुचलेला नाही. ‘पाळी’ म्हटलं तर हशा होतो.

मुलगा परत आलाय. काकांच्या अटी दोन: फोनमध्ये यूपीआय नाही, आणि परीक्षेपर्यंत फक्त रविवारी. पहिली अट आम्ही ग्रुपच्या नियमांत सगळ्यांसाठी पिन केली आहे: इथे कुणीही कुणाला खेळासाठी पैसे पाठवायचे नाहीत, नकाशाची वर्गणी सोडून. दुसरीमुळे त्याचं पात्र आठवड्यातले सहा दिवस गाढव सांभाळत बसतं.