पिशवी काढण्यापूर्वी

आम्हा हिंगोलीकरांना हळद पारखून घ्यायची सवय. हळकुंड मोडून आतला रंग पाहावा, मगच भाव बोलावा. पण घरातली बाई पांढरीफटक होऊन वावरते, तिची पारख कोण करणार? “वय झाले, आता असेच चालायचे,” असे सासूबाई म्हणतात, जाऊबाई म्हणतात आणि पुढे ती स्वतःही म्हणू लागते!

चाळिशी उलटली की पाळी लहरी होते, हे खरे. काही महिने स्त्रीबीज सुटतच नाही. मग गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर जाड होत जाते आणि सुटले की भळभळा जाते. परंतु गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइडचे दुखणे, क्वचित कर्करोगही याच रूपाने प्रगट होतो. म्हणून भगिनींनो, ‘वय’ हे काही निदान नव्हे.

अति म्हणजे किती? तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणे, मोठाल्या गुठळ्या पडणे, सात दिवसांहून अधिक जाणे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा मांडतोच. त्याच चौकटीत पाळीचे दिवस आणि पॅडचा आकडा मांडावा. डॉक्टरांना तो कागद फार उपयोगी पडतो.

आमच्या आळीतल्या एक शिक्षिका वर्षभर हे दुखणे अंगावर काढीत होत्या. जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा तपासले, हिमोग्लोबिन सात! बाईंना ते निदान बारा हवे. मूळ निघाले थायरॉइडमध्ये. त्याची गोळी आणि लोह यांवर त्या सुधारल्या. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा मात्र तासा-दोन तासांनी.

उपाय पुष्कळ आहेत. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत; पायाच्या शिरेत पूर्वी रक्त गोठले असेल तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. तांबीसारखेच, पण संप्रेरक सोडणारे साधनही गर्भाशयात बसवता येते. ते काही वर्षे काम देते.

एवढे असूनही “पिशवीच काढून टाका” हा सल्ला लवकर दिला जातो आणि लवकर पटतोही. आपल्या मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्यात २०१९ साली पाहणी झाली. सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्या बिचाऱ्यांना कामाचा एक खाडा परवडत नाही. आपल्याला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याची सवड आहे ना?

शस्त्रक्रिया कधी कधी खरोखरच लागते. पण आधी विचारावे: कारण काय? पंचेचाळिशी उलटली आहे, तर अस्तराचा नमुना तपासला का? औषधाने भागणार नाही का? अंडाशय ठेवणार ना? ते अकाली काढले तर हाडे आणि हृदय यांना झळ पोचते.

आणि एक. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

हे पान घरातल्या पुरुषांनीही वाचावे, असे मला वाटते. दवाखान्याची पायरी चढायला बाईला पैशापेक्षा सोबतीची अधिक गरज असते.