बाग राहिलीच की बघायची!



मुंबईत बासी ईद आणि राणीची बाग यांचे नाते जुने आहे. नागपाडा, मदनपुरा, डोंगरी, कुर्ला, सगळीकडची कुटुंबे त्या दिवशी भायखळ्याची वाट धरतात. यंदा आम्हीही गेलो. पेंग्विन पाहायला भली मोठी रांग. ते 2016 पासून इथले पाहुणे, मुलांचा हट्ट तोच. मुले कंटाळली, घरातल्या बायकांचा वेळ डबे उघडण्यात आणि भांडी आवरण्यात गेला, सासूबाई सावलीतली जागा शोधत राहिल्या. परतताना अम्मी एवढेच म्हणाल्या, "सगळे झाले. बाग राहिलीच की बघायची!"

ते वाक्य आमच्या मनाला लागले. दोन खोल्यांच्या घरात दिवस काढणाऱ्या बाईला मोकळे आकाश वर्षातून दोनदा मिळावे, आणि तेही गर्दीत?

मग एका गुरुवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. बुधवारी बाग बंद असते, हे लक्षात ठेवावे. या वेळी सोबत एकच पिशवी घेतली. चपाती-भाजी आणि पाणी. वाढायचे काम मुलांकडे.

बाग 1862 साली खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. इंग्रज त्याला विलायतेला नेणार होते, पण उचलताना तो फुटला आणि इथेच राहिला. मुलांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली.

पण खरी दौलत झाडांची आहे. गोरखचिंचेच्या बुंध्याला मुलांनी हात पसरून वेढा घातला, तरी हात पुरले नाहीत. अम्मी बकुळीखाली बसल्या. खाली पडलेली फुले ओढणीच्या टोकाला बांधून त्या गावच्या आठवणी सांगू लागल्या. लग्नाला इतकी वर्षे झाली, त्यातल्या निम्म्या गोष्टी आम्ही पहिल्यांदाच ऐकल्या. घरात कुकरच्या शिट्टीत आणि टीव्हीच्या आवाजात त्या सांगायच्या तरी कधी?

ही झाडे आपोआप टिकलेली नाहीत. काही वर्षांपूर्वी बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना आली, तेव्हा मुंबईतल्या काही महिला झाडांसाठी उभ्या राहिल्या आणि चिकाटीने लढल्या. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे आपल्या प्यारे नबी (स.) यांनी सांगितले आहे. लावणारे केव्हाच गेले, सावलीत मात्र आपण बसतो. मग निदान आपल्या डब्याचे कागद आणि बाटल्या तिथे पडू नयेत. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हादेखील सदकाच आहे.

बहिणींनो, भावांनो, बागेत जायला ईदची वाट बघू नका. तुमच्या शहरात, तालुक्यात जी बाग असेल तिथे साध्या दिवशी जा. घरातल्या वडीलधाऱ्यांना न्या, आणि त्या दिवशी घरच्या बाईला वाढण्यातून सुट्टी द्या.

घरी आल्यावर अम्मींनी फुले उशाशी ठेवली आणि विचारले, "आता पुन्हा कधी?"

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह.