विश्लेषण : कलामेळ्याच्या गर्दीत ‘आपले’ चित्र कसे ओळखायचे?

दिल्लीत २००८ मध्ये सुरू झालेला ‘इंडिया आर्ट फेअर’ हा देशातला समकालीन कलेचा प्रमुख मेळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ भरला आणि तसाच मोठा मेळा मुंबईकरांच्या दारात आला. पन्नासहून अधिक गॅलऱ्या, शेकडो कलाकृती आणि हाती जेमतेम एक दुपार. बहुतेक प्रेक्षक काहीही विकत घेणार नसतात. मग त्यांनी पाहायचे काय आणि कसे?

कलामेळा हे प्रदर्शन की बाजार?

आधी बाजार. गॅलऱ्या भाडे भरून गाळा घेतात. चित्र विकले की रकमेचा मोठा वाटा, अनेकदा निम्म्यापर्यंत, गॅलरीकडे जातो. खर्च भरून यावा म्हणून भिंतीवर आधी लागते ते खपण्याजोगे काम : ओळखीचे नाव, दिवाणखान्यात मावेल असा आकार. व्हिडीओ किंवा खोलीभर पसरणाऱ्या मांडणशिल्पांना तुलनेने कमी वाव मिळतो. संग्रहालयात क्युरेटर एक सूत्र बांधून देतो. मेळ्यात निवड प्रेक्षकालाच करावी लागते.

किमतीवरून दर्जा कळतो का?

चित्राशेजारची लाल टिकली ‘विकले गेले’ एवढेच सांगते. वासुदेव गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनमधल्या छोट्या जागेत एकांतात रंगवत राहिले. २००१ मध्ये ते गेले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत ‘क्रिस्टीज’च्या लिलावात त्यांचे १९७९ चे चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. चित्र तेच होते, बदलला तो बाजार. याउलट २०१९ मध्ये मायामीच्या मेळ्यात मॉरित्झिओ कॅटेलान यांनी भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे १ लाख २० हजार डॉलरना विकले गेले, तेव्हा केळ्यापेक्षा आकड्याचीच चर्चा अधिक झाली.

मग पाहावे कसे?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रेक्षक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद थांबतात, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मेळ्याच्या गर्दीत तेवढाही वेळ मिळणे कठीण. म्हणून पहिली फेरी नावाच्या पाट्या न वाचता मारावी. ज्यांनी पाय थबकवले अशी चार-पाच कामे लक्षात ठेवावीत. परत जाऊन प्रत्येकापुढे पाच मिनिटे थांबावे, मोबाइल खिशात ठेवून. मगच पाटी वाचावी, माध्यमाबद्दल विचारावे. खरेदी करायची नसली तरी प्रश्न विचारायला हरकत नसते. दुसऱ्या दिवशी जे चित्र आठवते, ते आपले.

मेळा संपल्यावर काय?

मेळ्याला तिकीट असते. पण तिथे आवडलेल्या चित्रकाराचे नाव टिपून ठेवले, तर पुढची वाट फुकट आहे. १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आणि काळा घोडा-कुलाब्याच्या अनेक खासगी गॅलऱ्यांत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तरी अनेकजण ‘आपल्याला यातले काय कळते’ म्हणून काचेच्या दारावरूनच माघारी फिरतात. एक आवडते चित्र हाताशी असले, की ते दार ढकलायला निमित्त मिळते.