अध्यस्थि

गेल्या पौषांत बोईसरला एका जुन्या परिचितांकडे जाण्याचा योग आला. घरांतील नऊ वर्षांच्या नातवाच्या गुडघ्याखालीं व मनगटाजवळ सुपारीएवढ्या टणक गांठी आलेल्या. उजवा हात किंचित् वांकलेला. आजीबाईंचें निदान तयार होतें : "हें सूनबाईच्या माहेरचें देणें. आमच्या कुळांत असलें कांहीं नाहीं." काकांचा रोख तारापूरच्या अणुविद्युत्केंद्राकडे. सून बिचारी दाराआड खालमानेनें उभी.

सुश्रुताच्या सूत्रस्थानांत चोविसाव्या अध्यायीं अस्थिदोषज रोगांत 'अध्यस्थि', म्हणजे हाडावर वाढलेलें अधिक हाड, असा शब्द येतो. त्याच अध्यायांत शुक्रशोणितांतून उतरणाऱ्या 'आदिबलप्रवृत्त' रोगांचे मातृज व पितृज असे दोन भेद केले आहेत. या दोहोंची सांगड आधुनिक शास्त्रानें घातली. तरी 'पितृज' हा शब्द आजीबाईंस ऐकविण्याजोगा खराच.

लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेचा थर असतो. मुलाची उंची त्यांतूनच वाढते. या वाढीस वळण लावणारीं दोन जनुकें १९९५ व १९९६ सालीं सांपडलीं. त्यांपैकीं एकांत दोष असला कीं 'हेपरान सल्फेट' नामक द्रव्य उणें पडतें आणि हाडाला कूर्चेची टोपी घातलेले कोंब आडवे फुटतात. कोंबांत खर्ची पडलेली वाढ लांबींत तुटते. कोपराखालच्या दोन हाडांपैकीं करंगळीकडचें आंखूड राहिलें कीं दुसरें धनुष्यासारखें वांकतें. गुडघे आंत वळतात, उंची थोडी खुंटते, कोठें शीर दाबून मुंग्या येतात. विकार सुमारें ५०,००० माणसांत एकास होतो. दोष आईकडून येवो वा बापाकडून, प्रत्येक अपत्यास, मुलगा असो कीं मुलगी, निम्मा संभव. क्वचित् तो घराण्यांत नव्यानेंहि उद्भवतो. एकाच घरीं एकास दोन गांठी, तर दुसऱ्यास वीस! आणि काकांसाठीं सांगावयाचें तर, तारापूरचें केंद्र सुरू झालें १९६९ सालीं. ब्वाये या फ्रेंच शल्यवैद्यानें असें एक कुटुंब १८१४ सालींच वर्णिलें होतें.

गांठी तेल लावून चोळणें व्यर्थ. सर्वच कापाव्या लागतात असेंहि नाहीं. जी सांधा अडवील, शीर दाबील वा हाड वांकवील तिचाच विचार. मात्र वाढीच्या वयांत मूल अस्थितज्ज्ञास नियमानें दाखवावें. वाढ पुरी झाली कीं गांठीहि थांबतात. त्यानंतर एखादी वाढूं किंवा दुखूं लागली तर दिवस घालवूं नये. शंभरांत एक ते पांच जणांस तेथें कर्करोग होतो.

मी हें सांगत असतां आजोबांनीं मुकाट्यानें सदऱ्याची बाही वर केली. लहानपणीं केळव्याच्या वाडींत आंब्यावरून पडल्यानें हात वांकडा झाला, ही कथा आम्हीं चाळीस वर्षें ऐकलेली. कोपराखालीं तीन गांठी होत्या. मग मुलाच्या बापानेंहि गुडघ्याजवळची आपली दाखविली. आजीबाई उठून आंत गेल्या, आणि थोड्या वेळानें चहा घेऊन सूनबाईंऐवजीं त्याच बाहेर आल्या.

मुलाच्या धाकट्या आत्याची सोयरीक पालघरला जुळत आली होती. तिनें हळूच विचारलें, "गुरुजी, त्या मंडळींस सांगावें का?" मीं म्हटलें, "सांगावें. पण आधीं तूंहि तपासून घे." पुढल्या गुरुवारीं पहाटेच्या गाडीनें भाऊ, भाचा व ती अशीं तिघें परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत गेलीं.